सिग्नलवर गाडी तापते, हायवेला गार: सात सीटरचा फॅन की वायरिंग? (इंदूर)

मीनल_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. घरची सात सीटर गाडी आहे, 2014 चं मॉडेल, पेट्रोल, वर बाहेरून बसवलेला सीक्वेन्शियल सीएनजी किट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा 'ही कंपनी चांगली की ती' असा भरकटेल. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलं आणि सुट्टीत नणंदेची पोरं असा सगळा लवाजमा याच गाडीत मावतो, म्हणून 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

नवलखा नाहीतर भंवरकुवाच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. एबी रोडला मोकळी धावली की आपोआप खाली. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट गाडी भरलेली असूनही निमूट चढली, आणि पुढे मोरटक्क्याच्या पुलाआधी रांगेत अडकलो तिथे लाल दिवा लागला. एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या. मे महिन्यात हीटर! सासूबाई मागून नर्मदामैयाला हाका मारत होत्या.

बोनेट उघडून पाहिलं तर फॅन कधी फिरतो, कधी रडत-खडत फिरतो, कधी काठीने ढोसल्यावर सुरू होतो. आणि विचित्र गोष्ट म्हणजे रात्री हवा गार असूनही त्रास रात्रीच जास्त. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच) बदलला. आता म्हणतो रेडिएटर आणि फॅनची मोटर दोन्ही बदला. एवढा खर्च करायच्या आधी इथे विचारतेय. शहरात चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर तेही सांगा.

सुदामानगरी_भिया

ताई, रेडिएटर चोक आहे, लिहून घ्या. आपल्याकडे लोक बोअरिंगचं पाणी ओततात, आत खार धरतो. जाळी (म्हणजे रेडिएटरच) काढून रॉडिंग, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ करून घ्या, काम संपलं.

तारवाले_काका

भिया, जरा थांब. जाळी चोक असती तर आधी घाटात तापली असती. भरलेली गाडी चढावर इंजिनाकडून सगळ्यात जास्त काम करून घेते. तिथे काटा जागेवर राहिला याचा अर्थ जाळी, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बहुतेक निर्दोष. गाडी चालती असली की वारा आपोआप जाळीतून जातो, फॅन नसला तरी निभतं. उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. उलट प्रकार, म्हणजे सिग्नलला गार आणि हायवेला गरम, असता तर मीही जाळीकडेच बोट दाखवलं असतं.

मीनल, मला खटकलं ते 'रात्री जास्त'. रात्री बाहेर गार असतं, मग वेगळं काय असतं? हेडलाइट. फॅन आणि हेडलाइट एकमेकांच्या तोंडचं काढून घेतायत का, ते बघ. अंधारात गाडी भिंतीसमोर उभी कर, हेडलाइट लाव, मग एसी लाव. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लगेच सुरू व्हायला हवा. त्या क्षणी एखादा दिवा पिवळा पडतो का? दोन्ही की एकच? सेल्फ आणि हॉर्न कसे वाजतात तेही कळव.

मी वीज मंडळात होतो, गाड्यांचा मिस्त्री नाही. पण तार ती तार.

चिवडा_विथ_चहा

ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल असेल तर लावा, मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, खरं तापमान आकड्यात दिसतं. डॅशबोर्डच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध थांबवून ठेवलेला असतो, हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. काही ॲपमध्ये 'फॅनला हुकूम गेला की नाही' हेही दिसतं. हुकूम गेलाय आणि फॅन फिरत नाही, तर सेन्सर आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सुटले, दोष रिलेपासून पुढे.

मीनल_राजेंद्रनगर

काका, काल रात्री करून बघितलं. एसी लावताच डावा दिवा पिवळट होतो, उजवा तसाच. आणि धाकट्याने दाखवलं म्हणून कळलं, हेडलाइट लावले की डावा इंडिकेटर बंद असूनही मिणमिणतो. सेल्फ एका झटक्यात लागतो, हॉर्न दणदणीत.

डोंगल दिराकडून आणला. इंजिन उभं असताना 97 ला फॅनचा हुकूम 'चालू' दिसला, फॅन फिरला पण कूलरच्या सगळ्यात हळू नंबरावर फिरावा तसा, आणि आकडा हळूहळू 104 वर. मग मीच इंजिन बंद केलं.

बडोदेकर_उ

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. सीक्वेन्शियल किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनाचंच कूलंट त्यातून फिरवलेलं असतं. त्याच्या नळ्या मध्ये कापून टी घालून जोडतात. ती जोडणी ढिली असली किंवा कूलंट बदलल्यावर हवा नीट काढली नाही, तर आत हवेचा फुगा अडकतो आणि अगदी असाच त्रास होतो. ओळखायचं कसं: उभ्या गाडीत हीटर लावा, हवा मध्येच गार येते का, कूलंटच्या टाकीची पातळी वर-खाली होते का.

दुसरं, फॅन फिरतो म्हणजे बरोबर फिरतो असं नाही. डीसी मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या की फॅन उलटा फिरतो आणि वारा ढकलतो, ओढत नाही. इथे बडोद्यात एका ओळखीच्यांनी नवी मोटर बसवून घेतली, प्लग जुळत नव्हता म्हणून तारा कापून जोडल्या, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. फॅन चालू असताना पुढच्या ग्रिलला वर्तमानपत्राचा कागद लावा. चिकटला तर ठीक, उडाला तर उलटा.

मीनल_राजेंद्रनगर

उ, हीटर सतत गरम, पातळी स्थिर. कागद चिकटला, पण मरगळून.

तारवाले_काका

म्हणजे फॅन सुलटा आहे, अशक्त आहे. आणि मीनल, तुझ्या त्या मिणमिणत्या इंडिकेटरने निम्मं उत्तर दिलंय.

वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते, फॅनमधून जाते आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येते. लोक जाण्याची वाट तपासतात: फ्यूज, रिले, प्लसची तार. परतीची वाट कुणी बघत नाही. डावा हेडलाइट, डावा इंडिकेटर आणि फॅन यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर असणार, आणि तो बोल्ट बॉडीला नीट टेकत नसणार. परतीचा रस्ता अरुंद, त्यामुळे हेडलाइटचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून आडवाटेने घरी जातो. म्हणून तो मिणमिणतो. सेल्फ आणि हॉर्न ठीक आहेत, म्हणजे बॅटरीची मोठी अर्थपट्टी चांगली आहे. दोष पुढच्या डाव्या कोपऱ्यात.

आता हे अंदाजाने नाही, मोजून ठरवायचं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. डीसी व्होल्टवर ठेव, 20 च्या रेंजला. इंजिन चालू, एसी चालू, फॅन फिरत असताना:

बॅटरीच्या दोन टोकांवर 13.8 ते 14.4 च्या आसपास यायला हवेत. नसतील तर आधी अल्टरनेटर बघू. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर थेट शिशाच्या खुंटीवर धर, क्लॅम्पवर नाही. लाल पिन फॅनच्या प्लगमधल्या काळ्या तारेच्या मागून आत सरकव. शिवणाची बारीक सुई वापरलीस तर तार सोलावी लागत नाही. आदर्श आकडा शून्याच्या जवळ. 0.2 पर्यंत चालेल, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष सापडला. तसंच प्लसकडे: बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत. मग हेडलाइट लावून मायनसचं पुन्हा मोज.

आणि हे नीट वाच: ओढणी, मोकळे केस, बांगड्या बोनेटपासून लांब. हा फॅन न सांगता सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा. गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणी उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून तर 100 च्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि सगळं उकळून तोंडावर येतं.

स्नेहल_अ

काका, एक शंका. मीनलताईंच्या मेकॅनिकने अर्थिंग तपासलं असेलच ना? आमच्याकडे मीटर बीपवर ठेवून बघतात. बीप वाजली की वायर ठीक.

तारवाले_काका

स्नेहल, प्रश्न चांगला विचारलास. बीपच्या वेळी मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो. वीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजते. फॅन मात्र दहा-पंधरा अँपिअर मागतो, आणि चालू होताना क्षणभर त्याहून खूप जास्त. हिशोब करून बघ: जोडात पाव ओहम रेझिस्टन्स आहे आणि 12 अँपिअर वाहतायत, तर तीन व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. पाव ओहम साध्या मीटरवर कळतसुद्धा नाही, दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी 0.2-0.3 दाखवतो. म्हणून भार चालू ठेवूनच मोजायचं. मंडळात लूज जंपर (तारांचा ढिला जोड) असाच सापडायचा, लोड नसताना सगळं छान.

सुदामानगरी_भिया

काका, मग ठोकल्यावर फॅन का सुरू होतो? आमच्याकडे सगळे म्हणतात ब्रश (मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) गेले.

तारवाले_काका

ब्रश झिजले असतील तरी असंच होतं, ते चुकीचं नाही. पण मोटरला 14 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर जराशा झिजलेल्या ब्रशांनाही सुरुवात जमत नाही, धक्का लागतो. आधी पूर्ण व्होल्टेज दे, तरीही ठोकावं लागलं तर मोटर बदल. फॅनचा प्लग काढून बॅटरीवरून जाड तारांनी थेट जोडून बघितलं की पाच मिनिटांत निकाल. तारेत 30 अँपिअरचा फ्यूज मात्र घालायचा.

मीनल_राजेंद्रनगर

मोजलं. मीटर मोठ्याच्या हातात, तो नववीत आहे आणि यावर त्याचा फिजिक्सचा प्रोजेक्ट निघणार असं दिसतंय.

बॅटरीवर 14.0. प्लसकडचा ड्रॉप 0.4. मायनसकडचा 3.2. हेडलाइट लावल्यावर 4.3!

दिराच्या मित्राकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर होता (घरगुती वायरिंगवाल्याचा आणला होता, तो फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजतो, कामाचा नाही). फॅनचा करंट 12 अँपिअर.

चिवडा_विथ_चहा

14.0 मधून 3.2 आणि 0.4 गेले, फॅनला उरले 10.4. हेडलाइट लावले की अजून एक व्होल्ट कमी. रात्री का तापते ते कळलं. वाचनखूण साठवली.

ताई, डाव्या बाजूला पुढे कधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का?

मीनल_राजेंद्रनगर

हो, दिवाळीनंतर. पार्किंगमध्ये एका लोडिंग रिक्षाने डावा कोपरा चेपला होता. बंपर, डावा हेडलाइट आणि रेडिएटरच्या समोरची पट्टी सरळ करून रंगवली. तापायला उन्हाळ्यात लागली म्हणून याचा-त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तारवाले_काका

मिळालं. पट्टी रंगवली, रंग सुकल्यावर अर्थचा बोल्ट त्याच रंगावर कसला. थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि लोखंड यांच्या मध्ये रंगाचा थर. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होता. हिवाळ्यात फॅनला फारसं काम नसतं, म्हणून तेव्हा दिसलं नाही. 3.2 गुणिले 12, म्हणजे सुमारे 38 वॅट त्या एका बोल्टवर उष्णता होऊन जातायत. झाळकामाची छोटी इस्त्री 25 वॅटची असते. तिथलं इन्सुलेशन भाजलेलं सापडेल बघ.

काम घरी होण्यासारखं आहे. आधी बॅटरीचा मायनस काढ. बोल्ट काढून थिंबलखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून काढ, थिंबलही दोन्ही बाजूंनी घास. मध्ये दातेरी वॉशर घाल, घट्ट कस, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फास, नाहीतर पावसाळ्यात उघडं लोखंड गंजेल. तार कडक झाली असेल तर काळा भाग कापून नवं थिंबल क्रिंप करून घे. छोटी ग्वालटोलीत थिंबल, वॉशर, प्लग सगळं मिळतं.

फ्यूज मोठा घालून बघू, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठव.

बडोदेकर_उ

काकांना +1. सीएनजी किटवाल्याची अर्थची तारही त्याच बोल्टवर आहे का, तेही बघा. फिटर मंडळी जो बोल्ट आधी हाताला लागेल तिथे थिंबल अडकवतात. एका बोल्टवर चार-पाच थिंबलं असतील तर किटची वेगळी करा.

मीनल_राजेंद्रनगर

झालं!! सविस्तर लिहिते, पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बोल्ट डाव्या हेडलाइटच्या मागे, काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीच्या आड. वरून बघून दिसत नाही, हेडलाइट बाहेर घ्यावा लागला. बोल्टवर तीन थिंबलं होती, आणि हो उ, एक किटची निघाली. बोल्ट सोडवल्यावर थिंबलखाली पट्टीवर चकचकीत चांदीचा रंग, गाडीच्या रंगाचाच, त्यावर फक्त बोल्टच्या भोकाच्या कडेला एक काळी चंद्रकोर जळलेली. तेवढ्यावरच सगळं चालू होतं. फॅनच्या तारेचं आवरण बोटभर तपकिरी आणि वाकवलं तर तडकणारं. सासरे शेजारी टॉर्च धरून उभे होते, ते म्हणाले, "एवढ्याशा रंगासाठी आपण रेडिएटर बदलणार होतो?"

जळका भाग कापला, नवं थिंबल लावलं. किटची अर्थ दुसऱ्या बोल्टवर नेली, तिथलाही रंग आधी घासून. फॅनच्या प्लगच्या प्लस पिनेला जरा काळेपणा होता, ती स्प्रे मारून स्वच्छ केली.

आता मायनसकडचा ड्रॉप 0.07, प्लसकडचा 0.15. फॅनचा आवाजच बदलला, बोनेट बंद असताना आत ऐकू येतो. दुपारी 41 डिग्रीत एसी लावून दारात उभी ठेवली: आकडा 97 ला जातो, फॅन लागतो, 91 ला उतरतो, फॅन थांबतो, पुन्हा तेच. इंडिकेटर मिणमिणायचा थांबला. ठोकायची गरज नाही, पण काका, थंड असताना हाताने फिरवला तर जरा खरखरतो.

तारवाले_काका

शाब्बास. खरखर म्हणजे बेअरिंग नाहीतर बुश झिजतोय. कमी व्होल्टेजवर इतके महिने फरफटलाय बिचारा. करंट पुन्हा मोजून ठेव. पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर आधीपेक्षा थोडा जास्त दिसेल, ते बरोबर. तो पुढे वाढत गेला तर मोटर बदलायची वेळ आली समज.

स्नेहल_अ

आमच्या गाडीत दोन स्पीडचा फॅन आहे. हळू स्पीड लागतच नाही, एकदम मोठ्याने सुरू होतो. हेही अर्थिंगच का?

चिवडा_विथ_चहा

नाही, तुमचं वेगळं. मोठा स्पीड पूर्ण जोराने लागतो म्हणजे अर्थ आणि मोटर ठीक. हळू स्पीडसाठी बऱ्याच गाड्यांत मध्ये एक रेझिस्टर असतो, फॅनच्या चौकटीवरच बसवलेला, कारण तो तापतो आणि त्याला वारा लागतो. तो जळला की हळू स्पीड गायब. काही गाड्यांत हळू स्पीडचा रिले वेगळा असतो, आधी तो अदलाबदल करून बघा. हॉर्नचा रिले बहुतेकदा त्याच मापाचा असतो, पण पिनांचे आकडे जुळतात ना ते बघूनच. आणि जळका रेझिस्टर बायपास करून तार जोडून देणारे भेटतील, ऐकू नका.

ग्वाल्हेरचा_शिंदे

धागा वर काढतोय. आमच्या व्हॅनचं उलटं आहे. चावी काढून घरात आलो तरी फॅन रात्रभर चालू, सकाळी बॅटरी ठार. ग्वाल्हेरच्या उन्हात गाडीलाही वाटत असेल जरा वारा घ्यावा. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी बदला.

तारवाले_काका

बॅटरी बदलून काय होणार, नवीही सकाळपर्यंत मरेल. काही गाड्यांत बंद केल्यावर फॅन पाच-दहा मिनिटं चालतो, ते ठरवूनच केलेलं असतं. रात्रभर नाही.

फॅन चालू असताना फ्यूज बॉक्समधला त्याचा रिले उपट. थांबला तर रिले, किंवा त्याला मिळणारा हुकूम. न थांबला तर रिलेच्या पुढे तार कुठेतरी प्लसला टेकलीय. उंदरांनी कुरतडलीय का ते आधी बघ. रिले काढल्यावर त्याच्या 30 आणि 87 या पिनांत (फॅनची वीज यांतूनच जाते) बीप वाजते का बघ. रिले हातात असताना, म्हणजे कॉइलला वीज नसताना, वाजली तर आतले पॉइंट चिकटलेत. (इथे बीप चालते हं स्नेहल. चिकटलंय की नाही एवढंच विचारायचंय.)

पण नवा रिले लगेच घालू नकोस. पॉइंट उगाच चिकटत नाहीत, मोटर जड फिरत असेल तर जास्त करंट ओढून रिले भाजते. आधी फॅनचा करंट मोज. आणि सगळं झाल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून किती जातंय ते बघ. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर निवांत झोप.

ग्वाल्हेरचा_शिंदे

रिले काढला, फॅन थांबला. हातात धरून 30-87 तपासलं, बीप वाजतेय. चिकटलाच आहे. डीसी क्लॅम्प मीटर मुरारच्या मावसभावाकडे आहे, रविवारी आणतो. तोवर रात्री रिले काढून खिशात ठेवतोय.